राधिका, डॉन आणि पश्याचे सबटायटल

भांडण लावलं आमच्या कट्ट्यावरच्या देवानं, हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण उद्या तो साफ नाही म्हणेल.

पश्या बिचारा नुसता 'दशावतार' पाहून आल्याचं सांगत होता. 81 वर्षांचे प्रभावळकर काय काम करतात, जंगल काय दिसतं, मालवणी कानाला कशी गोड लागते. आठ रस्ता चौकातल्या पानठेल्याला लागून एक दुकान कायमचं बंद आहे, त्याच्या पायऱ्यांवर आम्ही बसतो. देवा खालच्या पायरीवर खर्रा, म्हणजे आमची सुपारी-तंबाखू, घोटत होता. घोटता घोटताच म्हणाला, "कोकणाचा झाला. कोल्हापूर-साताऱ्याच्या तर रोज संध्याकाळी मालिका. आपल्या नागपूरचा पिक्चर कोण काढन बे?"

"नागपूरची भाषा स्क्रीनवर चालत नाही," पश्या म्हणाला. "म्हणजे ॲक्च्युअली, ऑडियन्सला कनेक्ट होत नाही."

पश्या पुण्यात बरीच वर्षं राहून आला आहे. आता घरूनच काम करतो, म्हणून परत लक्ष्मीनगरात. जाताना 'येऊन राहिलो' म्हणणारा पोट्टा होता, आला तेव्हा 'येतोय' म्हणायला लागला होता. त्याच्याकडे झाडून सगळ्या ॲपची वर्गणी आहे, आणि आपण काय पाहतो ते सांगताना तो आधी देशाचं नाव सांगतो. "परवा एक डॅनिश पाहिली." नाव नाही सांगणार. डॅनिश.

मेश्राम एवढा वेळ फोनमध्ये होता. मान वर न करता म्हणाला, "ते कोरियन पाहते ना तू, ते गोट्या खेळून मारते ते?"

"स्क्विड गेम. हो."

"कोरियन कनेक्ट होते तुले?"

"सबटायटल असतात अरे."

"म्हणजे सोलचं पोट्टं बोललं तर खाली वाचायची तयारी आहे, अन् सक्करदऱ्याचं पोट्टं 'काऊन' म्हणालं तर ऑडियन्सले ताप येते."

पहिला पॉइंट तिथंच गेला. पण पश्या हार मानणाऱ्यातला नाही, त्याला हार झालेली कळतच नाही. त्यानं 'माझ्या नवऱ्याची बायको' काढली. म्हणे 2016 ते 2021 अख्खा महाराष्ट्र रोज रात्री नागपूरचीच भाषा ऐकत होता, मग तक्रार कसली? राधिका नागपूरचीच होती ना?

"राधिका नागपूरची, अनिता दाते नाशिकची," मेश्राम म्हणाला. "बाईनं मेहनत घेतली, तिचं वाईट नाही म्हणत. पण ती बोलायला लागली का शनाया तोंड वाकडं करे, अन् लोकं हसत. भाषा कशासाठी ठेवली होती? बाई भोळी आहे हे समजावं म्हणून."

"शेवटी तिनं कंपनी काढली ना पण!" देवा मध्येच पेटला. "राधिका मसाले! माह्या बायकोनं पाहून पाहून मसाले सुरू केले. पहिल्या महिन्यात मिक्सर जळला, दुसऱ्या महिन्यात शेजारीण रुसली. तिचंच तिखट होतं ते."

इथं दहाएक मिनिटं देवाच्या बायकोच्या मसाल्यात गेली. ती गाळतो. मसाला मात्र चांगला होता, हे वहिनी वाचत असतील तर लक्षात घ्यावं. त्याच अनिता दातेला मी अलीकडे 'जारण'मध्ये पाहिलं आणि त्या रात्री बाथरूमचा दिवा बंद करायची हिंमत झाली नाही. हे मी कट्ट्यावर बोललो नाही. बोललो असतो तर वर्षभर पुरलं असतं.

एवढ्यात वर्षा आली, दहावीचा फिजिक्सचा क्लास सोडून, स्कूटीसकट थेट पायरीपर्यंत. कॉलेजपासून ती आमच्यात एकटीच मुलगी, आणि 'बे' सगळ्यात जास्त तीच लावते. तिला विषय सांगितला. ती म्हणाली, "हिरानी आहे ना आपला."

झालं. मेश्रामचा जुना राग वर आला.

"हिरानी आपलाच. इथंच जन्मला, बापाचं टायपिंग इन्स्टिट्यूट इथंच होतं. अन् मुन्नाभाई कुठं? मुंबईत. इडियट्स कुठं? दिल्लीपासून पार लडाखपर्यंत गेले. डंकी तर लंडनले. संत्र्याचा ट्रकही नागपुरात एखादा टायर पाहायले थांबते, हा माणूस थांबला नाही."

"बजेट असतं रे, मार्केट असतं," पश्या.

"शेरनीचं सांग मग. टी-वन वाघीण, अवनी, राळेगावकडे मारली 2018 मध्ये. माहा साळा पांढरकवड्याले राहते, दोन वर्षं शेतात एकटा गेला नाही. त्या गोष्टीवरून पिक्चर निघाला म्हणते लोकं, विद्या बालन होती, चांगला होता, मी दोनदा पाहिला. पण शूटिंग कुठं? मध्य प्रदेशात. आपली वाघीण मरायलेही शेजारच्या राज्यात गेली."

वर्षा इतकी हसली की स्कूटी स्टँडवरून कलली. पश्यानं ती धरली, आणि त्या संध्याकाळी त्याच्या हातून झालेलं हे एकमेव उपयोगी काम.

स्कूटी उभी करता करता त्यानं पुढचा मुद्दा काढला. मुद्दा नाही, कौतुक. कस्तुरबानगरवरची नेटफ्लिक्सची तीन भागांची डॉक्युमेंटरी त्यानं पुण्याच्या ऑफिसात सगळ्यांना पाहायला लावली होती. 13 ऑगस्ट 2004, कोर्टातच अक्कू यादव या गुंडाला वस्तीतल्या बायांनी संपवलं, ती. "लोक हादरले," तो म्हणाला. "मला विचारत होते, तुमच्याकडे खरंच असं असतं?"

"अन् तू काय सांगितलं? हो, मी पण तलवार घेऊनच ऑफिसले येतो?" मेश्राम म्हणाला. "हेच तर म्हणून राहिलो. आपण टीव्हीवर दोनच वेळी दिसतो. हसायचं असलं का, नाही तर मुडदा पडला का."

वर्षा इथं त्याच्याशी भांडली, आणि मला वाटतं ती बरोबर होती. म्हणाली, "मेश्राम, तू ती पाहिलीच नाहीस. उमेश कुलकर्णीनं त्या बायांना बोलू दिलं आहे. त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच घरात. हसू येत नाही अन् कीवही येत नाही, भीती वाटते. अमोल पालेकर आहे तो '200 हल्ला हो' पण पाहिला मी, तोही त्याच घटनेवरचा. चांगल्या मनानं काढलेला. पण त्यात बाया वकिलासारख्या बोलतात. यात बायांसारख्या बोलतात."

मेश्रामनं मान हलवली. पाहतो म्हणाला. मेश्राम 'पाहतो' म्हणाला म्हणजे तो हरला. हे आम्हालाच कळतं, पश्याला नाही, म्हणून त्यानं ती संधी पण घालवली.

"पण मग 'झुंड'चं काय?" मी विचारलं. कोणी तरी विचारायलाच हवं होतं, कारण मेश्राम तिथवर आपणहून येत नाही.

पश्या म्हणाला, "लांब आहे. तीन तास. आणि तो हिंदी आहे, मराठीच्या चर्चेत कशाला?"

"आत्ता पानठेल्यावर सिगारेट कोणत्या भाषेत मागितली बे तू?"

पश्या गप्प. हिंदीत मागितली होती. 'भैया, एक देना', आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं.

"तेच आपलं हिंदी आहे त्यात," मेश्राम म्हणाला. "मुंबईचं नाही, यूपीचं नाही. 'क्या बे' वालं. अंकुश गेडाम इथलाच पोट्टा, कधी ॲक्टिंग केली नव्हती, त्याले नागराजनं डॉन केला, अन् फिल्मफेअर घेऊन आला पदार्पणाचं. तो बोलते तवा थेटरात कोणी हसत नाही. म्हणजे हसते, पण जोक मारला तर हसते. बोलला म्हणून नाही हसत."

मग थोडा थांबून म्हणाला, "आईले घेऊन गेलो होतो. ते जयंतीचा सीन आहे ना, डीजे लागला आहे, पोट्टे नाचून राहिले, अन् अमिताभ बाबासाहेबांच्या फोटोसमोर हात जोडून उभा राहते. आई जंजीरपासून त्याचे सगळे पिक्चर पाहून आहे. बाहेर निघाल्यावर म्हणे, एवढे वर्षं आपणच याच्या घरी जात होतो, आज हा आपल्या घरी आला."

यावर कोणी काही बोललं नाही. देवानं खर्रा तोंडात टाकायचा तो हातातच ठेवला. आणि मग त्यालाच ते सहन झालं नाही, तो म्हणाला, "मी झुंड दीडच्या स्पीडवर पाहिला. फुटबॉलची मॅच लय फास्ट झाली."

वर्षानं त्याच्या डोक्यात हेल्मेट घातलं. घातलं म्हणजे मारलं.

देवाचं पाहणं हा वेगळाच प्रकार आहे. तो इलेक्ट्रिकची कामं घेतो, दिवसभर शिडीवर, आणि रात्री आडवं होऊन मोबाइल उभा धरून सगळं पाहतो, त्यामुळे कुठलाही नट त्याला कमरेपर्यंतच माहीत. 'ॲडोलेसन्स' त्यानं पश्याच्या आग्रहावरून लावली. पश्या तेव्हा महिनाभर एकच सांगत होता: चार भाग, प्रत्येक भाग एका टेकमध्ये, कट नाही, विचार कर.

"एका टेकमध्ये काय मोठं?" देवाचं म्हणणं. "माह्या साडूच्या लग्नाची शूटिंग आहे एका टेकमध्ये. कॅमेरावाला जेवायले गेला अन् चालूच राहिला. दीड तास नुसत्या खुर्च्या."

पश्यानं कपाळाला हात लावला. त्याला कॅमेरा दारातून कसा जातो, ड्रोनला कसा लावला, हे समजावायचं होतं. वर्षा म्हणाली, कॅमेरा राहू दे. तेरा वर्षांचं पोरगं, घरात मारझोड नाही, दारू नाही, आई-बाप सरळ, आणि पोलिस दार तोडून त्याला वर्गातल्या मुलीच्या खुनासाठी उचलतात. दुसऱ्या भागात त्या इन्स्पेक्टरला त्याचाच मुलगा इमोजींचे अर्थ सांगतो, बापाला काहीच माहीत नसतं. "मी दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये विचारलं, याचे अर्थ काय रे? तीस पोरं. एरवी न्यूटनचा तिसरा नियम विचारला तर गप्प बसतात, तसे नाही गप्प बसले. वेगळे गप्प बसले. त्यांना माहीत होतं."

"मग?" मी.

"मग काय, तिसरा नियम शिकवला."

ती अजून बोलली असती, पण पश्याचा फोन वाजला. त्याची आई. तो थोडा बाजूला गेला, पुरेसा नाही.

"हाव! हाव बापा! येऊन राहिलो ना! आता काऊन कल्ला करून राहिली तू? दही? कायले पाहिजे दही? अवं सकाळी तं आणलं होतं!"

फोन ठेवून तो वळला तर आम्ही चौघं त्याच्याकडे पाहत होतो. पानठेल्यावाला पण.

मेश्राम हळूच म्हणाला, "कनेक्ट झालं मले."

यानंतर चर्चा म्हणावी असं काही राहिलं नाही. पश्यावर सगळे तुटून पडले आणि जुनी खाती उघडली. 1997 साली सुदामात 'गुप्त' लागला होता, आणि हा आदल्या दिवशी एकटा पाहून आला होता. इंटरव्हलला समोशाच्या रांगेत उभं राहून यानं खुनी कोण ते मोठ्यांदा सांगितलं. आम्हालाच नाही, पूर्ण रांगेला. एक काका याच्या मागे धावले होते. (खुनी कोण ते मी अजूनही लिहीत नाही, वाचणाऱ्यात कोणी राहिलं असेल.) सवय तीच आहे. 'पंचायत'चा चौथा सीझन मी पहिला भाग लावायच्या आत याचा ग्रुपवर मेसेज: क्रांतीदेवी जिंकली यार, वाईट वाटलं. वर रडका चेहरा.

"मी इमोशनल झालो होतो," पश्या.

"तू इमोशनल झाला का लोकांचे पैसे वाया जाते," मेश्राम म्हणाला.

शेवटी देवानं जाहीर केलं की बाहेरचं कोणी नागपूरचा पिक्चर काढत नाही तर आपणच काढू, याच पायऱ्यांवर, एका टेकमध्ये, जेवायच्या सुट्टीसकट. लगेच पात्रं वाटणं सुरू झालं. देवाला स्वतःसाठी अमिताभ पाहिजे होता. वर्षाचं म्हणणं, अमिताभ काहीही करेल, पण खर्रा घोटणार नाही, भारत गणेशपुरेला विचार, अमरावतीचा आहे, त्याला निदान शिकवावं लागणार नाही. मेश्रामनं आपला रोल कोणालाच द्यायला नकार दिला. पश्या कॉलर नीट करत म्हणाला, "माझा जयदीप अहलावतला द्या. पाताल लोकमधला हाथीराम, तसा काहीतरी."

"हाथीराम मार खाऊन गप्प राहते," मेश्राम म्हणाला. "तू आधी बिना माराचा पाच मिनिटं गप्प राहून दाखव."

"पश्याचा रोल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काढायचा," वर्षा म्हणाली. "बडग्या करून. मागून सगळा महाल ओरडेल, पुण्याचं ॲक्च्युअली घेऊन जा गे मारबत!" (त्या दिवशी नागपुरात मारबत-बडग्यांच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, आणि सगळी इडा-पीडा त्यांच्यासोबत पाठवतात.)

देवाला हसताना ठसका लागला. पानठेल्यावाला पाणी घेऊन आला, आणि त्यानं मधेच विचारलं की त्याला पण एखादा रोल आहे का. आहे, मेश्राम म्हणाला, प्रोड्यूसरचा. तो तसाच पाण्याचा ग्लास घेऊन परत गेला.

"अन् हिरॉईन?" देवानं डोळे पुसत विचारलं.

वर्षानं हेल्मेट घातलं, या वेळी स्वतःच्या डोक्यात. "हिरॉईनची सकाळी सहाची बॅच आहे. अन् पश्या, 'गुप्त'चं तिकीट मी काढलं होतं तुझं. ते पैसे दे आधी."

"अगं पण मी तर आदल्या दिवशीच पाहिला होता!"

"तेच तर! मग दुसऱ्यांदा कायले आला होता बे?"