चोक बांधू नका, आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल तर अजिबात ओतू नका

"जुनी गाडी सकाळी सुरू होत नाही? एअर फिल्टर काढा, कार्ब्युरेटरच्या तोंडात झाकणभर पेट्रोल ओता, सेल्फ मारा. ऑटोमॅटिक चोक तारेने कायमचा उघडा बांधा, तो फुकट पेट्रोल पितो. सुरू करण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर दहा वेळा मारा. सगळ्या जुन्या गाड्यांना लागू." कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. हा मेसेज मलाही चारपाच वेळा आला, मी सोडून दिला. परवा मामांकडे गेलो, तर त्यांच्या जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या चोकला तार गुंडाळलेली आणि मागच्या सीटवर पेट्रोलची बाटली. बीटलची बॅटरी त्याच सीटखाली असते!

आधी पेट्रोल ओतण्याचं बोलतो, कारण बाकीच्या सल्ल्यांनी गाडी बिघडेल, या सल्ल्याने माणूस भाजेल. पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही ठिणगीने पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचून राहते. हवा-पेट्रोलचं मिक्श्चर किंवा ठिणगीचं टायमिंग बिघडलेलं असलं की इनटेक व्हॉल्व्ह (हे मिक्श्चर सिलिंडरमध्ये आत घेणारी झडप) उघडा असतानाच आत भडका होतो आणि जाळ उलटा कार्ब्युरेटरमधून बाहेर येतो. बॅकफायर म्हणतात तो हाच. एअर फिल्टर जागेवर असेल तर तो जाळ बराचसा आत अडतो. मेसेज नेमका तोच काढायला सांगतो, वर हातात उघडी बाटली धरून वाकायला लावतो. "मेकॅनिक करतात की," मामा म्हणाले. करतात, आणि भाजतातही.

आता "चोक पेट्रोल पितो". चोक पेट्रोल सोडतच नाही, तो हवा अडवतो. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एक पातळ झडप असते. ती मिटली की खालची ओढ वाढते आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रातून, पेट्रोल जास्त खेचलं जातं. थंड इंजिनाला ते लागतंच, कारण पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरपर्यंतच्या नळीच्या) भिंतींना चिकटून राहतं. झडप मिटते-उघडते ती दोन धातूंच्या गुंडाळलेल्या पट्टीने. पट्टी तापली की सैल पडते आणि झडप उघडते. ती तापवायला काही गाड्यांत एक्झॉस्टची गरम हवा, काहींत रेडिएटरचं पाणी, तर मामांच्या बीटलसारख्या गाड्यांत इलेक्ट्रिक हीटर असतो. काही मिनिटांत झडप उभी होते, म्हणजे पूर्ण उघडते, मग चोकचा खर्च शून्य. हवा मुळातच गरम असेल तर झडप मिटतेही कमीच.

एक मान्य करावं लागेल: मिटलेलाच अडकून बसलेला चोक खरंच पेट्रोल खातो. काळा धूर येतो, प्लगवर काजळी धरते, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. पण तिथे दुरुस्ती हवी. तार बांधली की गाडी थंडपणी मिसिंग करते, आणि मग बाटली हातात येते.

"सुरू करण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर दहा वेळा मारा" हे अर्धंच खरं. मामांच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे थंड गाडीला तो एकदाच हळू दाबून सोडायचा. तेवढ्याने फास्ट आयडलचा कॅम (थंड इंजिन जरा जोरात चालतं ठेवणारा भाग) सुटतो आणि झडप मिटते. पुढच्या प्रत्येक दाबाला पंप आत पेट्रोलची पिचकारी मारतो. जादा पेट्रोल जाऊन गाडी ओव्हरफ्लो झालीच, तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, पंप करू नका.

आणि "सगळ्या जुन्या गाड्यांना लागू"? ब्रिटिश गाड्यांत असणाऱ्या बहुतेक एस. यू. कंपनीच्या कार्ब्युरेटरना ही झडपच नसते, तिथे चोक ओढला की जेट खाली सरकतो. बांधणार काय?

मामांची तार सोडली तेव्हा त्यांचा चोक पेट्रोल का खात होता, याचं खरं कारण दिसलं. हीटरची वायर टर्मिनलवरून निसटून लोंबत होती, त्यामुळे पट्टी नीट तापतच नव्हती. वायर बसवली, चोकच्या झाकणाचे तीन स्क्रू सैल करून खूण जुळवली. दुसऱ्या दिवशी थंड गाडीला अ‍ॅक्सिलरेटर एकदा दाबला, पहिल्याच सेल्फला सुरू झाली. इंजिन तापल्यावर ते बंद करून दोन-तीन मिनिटांनी फिल्टर उचलला, तर झडप उभी होती. बाटली मामांनी स्वतःच टाकीत रिकामी केली.