मुख्यालयी राहा म्हणताय, पण खोली कुठंय?

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तेच सुरू झालंय. भाऊजींनी फॉरवर्ड टाकला, झेडपीचे मास्तर मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावात राहत नाहीत, घरभाडं भत्ता (एचआरए) मात्र घेतात, यांच्यावर कारवाई करा. 2022 ला आमदार प्रशांत बंब यांनी हा विषय लावून धरला तेव्हापासून दर काही महिन्यांनी ही भांडणं वर येतात. गंमत म्हणजे 2020 ला आपल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा ह्याच ग्रुपवर झेडपीच्या शाळा म्हणजे आपली शान वगैरे चाललं होतं.

माझी वहिनी अक्कलकोट तालुक्यात कर्नाटक बॉर्डरजवळच्या गावात शिक्षिका आहे, सोलापुरातून रोज जाऊन येऊन करते. त्यामुळं ती गप्प बसली आणि मी चिडले.

मी स्वतः अशाच एका लांबच्या गावात शिकवते, फक्त ते गाव ऑस्ट्रेलियात आहे. न्यू साउथ वेल्समधलं बर्क, सिडनीपासून जवळपास 800 किलोमीटर, डार्लिंग नदीकाठी. मोठ्या डॉक्टरकडं जायचं तर डबो, ते साडेतीनशे किलोमीटरच्या वर. इथल्या लोकांना फार लांब म्हणायचं असेल तर ते 'बर्कच्याही मागं' असंच म्हणतात.

अर्ज करताना आधी डिग्री तपासून घेतली. एआयटीएसएल म्हणून संस्था आहे, त्यांना पदवी आणि बीएड मिळून चार वर्षांचं शिक्षण लागतं आणि त्यात 45 दिवस शाळेत प्रत्यक्ष शिकवल्याचा पुरावा. त्या एका पत्रासाठी दादाने माझ्या कॉलेजात चार चकरा मारल्या. आयएल्ट्स ह्या इंग्रजीच्या परीक्षेला वाचणं-लिहिणं 7 आणि ऐकणं-बोलणं 8, बोलण्यात मी पहिल्यांदा आपटले. मग पोलीस चेक, दोन रेफरन्स, आणि व्हिडिओवर इंटरव्ह्यू. त्यात एका बाईंनी विचारलं, शनिवार-रविवार तू तिथं काय करशील? मला वाटलं सहज विचारतायत, पण त्या लिहून घेत होत्या. माणूस एकटा पडला की निघून जातो हे त्यांना अनुभवानं माहितीये.

त्याआधी सोलापुरात एका शिक्षणसंस्थेत इंटरव्ह्यू दिला होता तिथं गणिताचा एकच प्रश्न आला, संस्थेला किती हातभार लावणार? बाबा उठले आणि आम्ही घरी आलो. शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल नंतर आलं, त्यानं निदान हा प्रश्न तरी थोडा कमी झाला असं वहिनी म्हणते. पण आधी टेट ही पात्रता परीक्षा, मग भरतीसाठी टीएआयटी, ती टीएआयटी 2017 ला पहिली झाली आणि पुढची थेट 2023 ला, मधे पोरापोरींची वयं निघून गेली. लागलात तर आधी तीन वर्षं शिक्षणसेवक, त्याचं मानधन प्राथमिकला 6,000 होतं, ते 2023 ला 16,000 झालं. ह्या पैशात गावात खोली करून राहा म्हणायचं.

आणि खोली असते का हो? वहिनीनं नोकरीच्या सुरुवातीला बघितली होती. गोठ्याला लागून, संडास नाही, कडी आतून लागत नाही, मालक म्हणे मॅडम काय काळजी नाही, आम्ही आहोत की. ती परत आली, कुणीही आली असती.

इकडं ऑस्ट्रेलियात दुर्गम शाळेत कुणी यायला तयार नसतं हे सरकारनं आधीच धरून चाललेलंय. म्हणून घरं सरकारी, सगळ्यात लांबच्या शाळांना भाड्यात 90 टक्क्यांपर्यंत सूट, बदलीसाठी जास्तीचे पॉइंट. मला किल्ली मिळाली तेव्हा फ्रिज चालू होता, आत कुणीतरी दूध ठेवलेलं. मी त्या रात्री कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाऊन झोपले, पण घाबरून नाही झोपले.

आता लगेच परदेश भारी म्हणू नका. पहिल्याच आठवड्यात सहावीतल्या एका पोरानं विचारलं, मिस, तू किती दिवस आहेस? त्याच्या आधीच्या दोघी पॉइंट जमवून समुद्राकडं गेलेल्या. माझाही करार संपत आलाय आणि मी काय करणार ते मलाच माहीत नाही, हे लिहिताना जरा लाज वाटतेय.

वहिनी मात्र त्याच गावच्या शाळेत आठ वर्षं आहे. घरी कन्नड बोलणाऱ्या पोरांना मराठी शिकवता शिकवता स्वतः कन्नड शिकली, दारात आलेल्या आज्जीला 'ऊट आयता?', म्हणजे जेवण झालं का, विचारते. कुणाचे आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि कुठलं पोर चुलत्याकडं राहिलंय, सगळं तिला तोंडपाठ. ती रात्री गावात झोपत नाही एवढंच. भाऊजी मोजतायत ते तिचं अंथरूण, आणि आठ वर्षं कुठल्याच ठरावात येत नाहीत. मास्तर गावात राहतात असा ग्रामसभेचा ठराव मागा, जरूर मागा, पण आधी कडी लागणारी खोली द्या, मग एचआरए कापा, मी पण तुमच्या बाजूनं टाईप करीन.

परवा वहिनीला सांगितलं की इथं गरम भागातल्या मास्तरांना हवामानाचा वेगळा भत्ता मिळतो. आधी विश्वासच बसला नाही. मग म्हणाली, "ताई, उन्हाचे पैसे? आमचा मार्च-एप्रिलचा हिशोब पाठवू का?" आणि बस आली म्हणून फोन ठेवला.