लाकडी डाव

6 सप्टेंबर 2024. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. उद्या गणपती. मखराची एक बाजू अजून चिकटवायची आहे. बायकोचा हरतालिकेचा उपास आहे आणि ती माझ्याशी बोलत नाहीये, कारण नेमक्या आजच्या दिवशी मी लेकीला घेऊन कॅम्बेलटाउनला मॅच बघायला गेलो. तिचं बरोबर आहे. पण हे लिहिल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

60-26.

कोल्हापूरच्या दोस्तांसाठी थोडक्यात सांगतो (सिडनीतल्या मंडळींना सगळं माहीत आहे, नको तितकं माहीत आहे). इथल्या रग्बी लीगमध्ये सतरा टीम. जी तळाला राहते तिला 'वूडन स्पून' मिळाला असं म्हणतात. खरा चमचा कुणी देत नाही, नुसती नाचक्की. आज आमची वेस्ट्स टायगर्स आणि पॅरामॅटा ईल्स यांची सीझनची शेवटची मॅच, आणि हरेल तो तळाला. लोकांनी तिचं बारसंही करून ठेवलं होतं, 'स्पून बोल'. आम्ही हरलो. 2022, 2023, 2024. लागोपाठ तीन. चोवीसपैकी सहा जिंकल्या, अठरा हरल्या.

घरी पोचायच्या आत मराठी ग्रुपवर लाकडी डावाचा फोटो. "उद्या उकड ढवळायला घ्या!" त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. यातले निम्मे जण हॅरिस पार्क नाहीतर वेस्टमीडला घर मिळालं म्हणून पॅरामॅटाचे झाले. 1986 नंतर तुम्ही काय जिंकलंय ते सांगा की जरा. जाऊ दे.

मला त्या फोटोचं काही वाटलं नाही. लागलं ते लेकीचं बोलणं. आम्ही टेकडीवर गवतात बसलो होतो, गार वारा सुटला होता, तिच्या अंगात तो काळा-पांढरा स्वेटर होता. पॅरामॅटाचा चाळीसच्या पुढं हिशोब गेल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, आपण पॅरामॅटाचे होऊ या का?"

मी काय बोललो? "मग घरी पण त्यांच्याबरोबरच जा." अकरा वर्षांच्या पोरीला. शरम वाटते लिहिताना.

त्या स्वेटरची गोष्ट सांगायला हवी.

जुलै 2005 ला मी इथं शिकायला आलो. लिडकमला एका खोलीत आम्ही चौघं. शेजारी एक आजोबा, रेल्वेतून रिटायर झालेले, एकटेच. त्यांचं घर फायब्रोचं, म्हणजे सिमेंटच्या पातळ पत्र्यांचं, गरिबाचं घर. 1986 पर्यंत वेस्टर्न सबर्ब्ज मॅगपाइज या जुन्या रग्बी लीग क्लबचं मैदान लिडकमलाच होतं आणि आजोबांची निम्मी हयात त्या मैदानावर गेलेली. 1978 साली त्यांच्या कोचनं, रॉय मास्टर्सनं, मॅन्ली क्लबविरुद्ध पोरांना पेटवायला हाच शब्द वापरला होता: आपण फायब्रोवाले, ते समुद्रकाठचे 'सिल्व्हरटेल्स', पैसेवाले. आजोबा हे सांगताना ताठ बसायचे. मला खेळ त्यांनी शिकवला. सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्याचा. कबड्डी खेळलेल्या माणसाला यात नवीन काय? कमरेत शिरायचं, पाय आवळायचे, सोडायचं नाही. त्यांनी मला एकदाच विचारलं, तुमच्याकडं चेंडू कुठं असतो? मी म्हटलं, चेंडूच नसतो, माणूसच धरायचा. एवढे हसले की चहा सांडला.

2 ऑक्टोबर 2005. ग्रँड फायनल. आजोबांच्या टीव्हीवर. टायगर्सचा बेंजी मार्शल वीस वर्षांचा, आपल्याच हद्दीतून सुटला, डावीकडून पळत गेला आणि पाठीमागून न बघता पॅट रिचर्ड्सकडं चेंडू उडवला. रिचर्ड्सनं एकाला हातानं ढकललं आणि कोपऱ्यात टेकवला. आम्ही चौघं नाचतोय. आजोबा उठून आत गेले. परत आले ते हा स्वेटर घेऊन, काळा-पांढरा, कोपराला उसवलेला. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर घातला आणि पुन्हा बसले. टायगर्स 30-16 जिंकले. मी विचारलं, तुम्हाला आनंद नाही झाला? म्हणाले, "माझा क्लब 1999 ला गेला. हे त्याचं पोरगं. पोरगं जिंकलं की बरं वाटतं, एवढंच."

हे वाक्य मला कळायला एकोणीस वर्षं लागली.

कारण मित्रहो, माझं म्हणणं एवढंच आहे की ही टीम मुळात एक टीम झालेलीच नाही. 1997 ला लीग फुटली, दोन स्पर्धा झाल्या, मग तह झाला आणि ठरलं की 2000 पासून चौदाच टीम ठेवायच्या. जगायचं तर हात मिळवा. म्हणून बॅलमेन आणि वेस्टर्न सबर्ब्ज यांचं लग्न लावून दिलं. दोघंही 1908 पासूनचे. कोल्हापूरकर, तुम्हाला जास्त सांगायला नको. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ, फुटबॉलमधले हे दोन वैरी, एकत्र करून एक टीम काढा आणि शाहू स्टेडियमवर आणा बघू! जर्सीच्या रंगावरून पहिली बैठक पहाटेपर्यंत चालेल. अध्यक्ष कोण यावरून दुसरी बैठक होणारच नाही.

तसंच झालंय इथं. एक मैदान लायकार्टला, जिथं आता घरं घेणं सामान्य माणसाचं काम नाही. दुसरं कॅम्बेलटाउनला, पन्नासेक किलोमीटर दूर. तिसरं भाड्याचं, आणि तेही कुठं, तर पॅरामॅटात! दुष्मनाच्या वाड्यात स्वतःचं लग्न. तीन घरं असलेल्या माणसाला घर नसतं. एका घरात दोन चुली, आणि दोन्हीकडचे लोक दुसऱ्याच्या भांड्यात डोकावून बघतात.

आता म्हणाल, 2005 ला ह्याच दोन चुलींवर जिंकले ना? जिंकले. मान्य. पुढं चला.

खरा राग येतो तो धीर नाही म्हणून. टिम शीन्स, 2005 चा कोच, त्याला 2012 ला काढलं. मग पॉटर आला, गेला. टेलर आला, गेला. 2017 ला इव्हान क्लीअरी आला आणि म्हणाला, बसमध्ये बसायचं असेल त्यानं बसा. टेडेस्को, मोझेस, वूड्स हे आमचे खेळाडू उतरले. एकटा ल्यूक ब्रूक्स बसून राहिला. आणि पुढच्याच वर्षाअखेर ड्रायव्हरच उतरला! क्लीअरी पेनरिथ टीमकडं गेला, पोराला कोचिंग करायला, आणि 2021 पासून लागोपाठ तीन वेळा चॅम्पियन. टेडेस्को रूस्टर्समध्ये जाऊन 2018 आणि 2019 जिंकला. त्याच्यानंतरचा कोच मायकेल मग्वायर, त्याला आम्ही 2022 च्या मध्यावर हाकललं, त्यानं यंदा न्यू साउथ वेल्सला स्टेट ऑफ ओरिजिन, म्हणजे क्वीन्सलंडविरुद्धची राज्यांची मालिका, जिंकून दिली. मग कुणाला आणलं? परत शीन्सला! आणि वर्षभरात परत घरी. एकाच माणसाला दोनदा काढणारं दुसरं घराणं मला माहीत नाही.

आमच्याकडून गेलं की माणसाचं सोनं होतं. मग दोष माणसात का मातीत?

ब्रूक्स बिचारा. दोनशेच्या वर सामने खेळला आमच्यासाठी, फायनल्सचा (म्हणजे वरच्या आठ टीमच्या बाद फेरीचा) एकही नाही, कारण 2011 नंतर आम्ही फायनल्सचं तोंड पाहिलं नाही. जरा काही बिघडलं की टेकडीवरून शिव्या त्यालाच. मी पण दिल्यात, खोटं कशाला बोलू. आता तो मॅन्लीत आहे आणि मॅन्ली फायनल्समध्ये आहे. मॅन्ली! सिल्व्हरटेल्स! आजोबा असते तर टीव्हीवर चप्पल फेकली असती.

नशीबवान होते ते. 2011 ची फायनल्स बघितली आणि दुसऱ्या हिवाळ्यात गेले. जायच्या आधी स्वेटर मला दिला. म्हणाले, धुताना गरम पाणी वापरू नको. एवढंच. मॅगपाइजबद्दल एक अक्षर नाही.

त्यांनी 2022 ची टाउन्सव्हिलची मॅच पाहिली नाही, जिथं आम्ही एका गुणानं पुढं होतो, वेळ संपली होती, आणि संपलेल्या खेळावर अपील करून तिथल्या काउबॉइज टीमला पेनल्टी मिळाली. 27-26. त्यांनी 2023 पाहिलं नाही. मे महिन्यात त्याच काउबॉइजना लायकार्टवर 66-18 नं धुतलं आणि सहा आठवड्यांनी त्यांच्याकडून 74-0 नं धुऊन आलो. सहा आठवड्यांत तीच पोरं, तेच पाय. जी टीम 66 करू शकते तिच्यात खेळाडू नाहीत असं कसं म्हणायचं? पोरं आहेत. त्यांच्या डोक्यावर छप्पर नाही. अँझॅक डेच्या, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, जर्सीवर अमेरिकन सैनिकांचं चित्र छापलं आमच्या लोकांनी. यात खेळाडूंनी कुणाला पाडायचं चुकवलं?

हां, जखमा होत्या. बेंजीचं हेड कोच म्हणून पहिलंच वर्ष आहे. आणि आज जो बचाव केला त्याला बचाव म्हणणं पाप आहे. साठ गुण वरच्या खुर्चीतल्या लोकांनी नाही दिले. तेही मान्य. पण गेल्या डिसेंबरात क्लबच्या कारभाराच्या चौकशीचा अहवाल आला, अध्यक्ष गेले, सीईओ गेले, ते काही टॅकल चुकले म्हणून नाही. आता बॅरी ओफॅरल आलेत, तेच, जे दिल्लीत ऑस्ट्रेलियाचे हाय कमिशनर होते. ज्यानं दिल्ली सांभाळली त्याला लायकार्ट आणि कॅम्बेलटाउन जमेल असं वाटतं. वाटतं म्हणजे, दरवर्षी सप्टेंबरात मला काहीतरी वाटतंच.

पुढच्या वर्षी पेनरिथहून लुआई येतोय. अपी कोरोइसाउ आहेच, आज पण मान खाली घालून शेवटपर्यंत राबत होता. आणि तो गॅल्विन, एकोणीस वर्षांचं पोर, यंदाच आलंय आणि चेंडू असा हातात धरतो की जणू घरचाच आहे. त्याला तरी धरून ठेवा रे. कमरेत शिरा, पाय आवळा, पण सोडू नका.

परत येताना गाडीत लेक गप्प होती. ल्यूमिया स्टेशनपाशी लाल-काळ्या-पांढऱ्या... नाही, नारिंगी-काळ्या-पांढऱ्या जर्सीतले लोक मुलांचे हात धरून उभे होते. (लाल माझ्या डोळ्यांत होता.) मी म्हटलं, "सॉरी गं." ती म्हणाली, "बाबा, ते आजोबा पण हरणारेच होते का?" मी हिशोब केला. वेस्टर्न सबर्ब्ज 1998 ला तळाला, 1999 ला तळाला, मग संपले. म्हटलं, "हो. तेही शेवटी तळालाच होते." मग ती म्हणाली, "मग त्यांनी टीम का नाही बदलली?"

मला उत्तर आलं नाही. आपल्यात कुणी मंडळ बदलतं का, असं म्हणणार होतो. पण ज्याचं मंडळच उचलून दुसऱ्याला जोडलं, त्याला हे कसं सांगायचं? तरी तो माणूस दर रविवारी टीव्हीपुढं बसत होता. नारिंगी रंग त्याला कधी आवडला नाही.

असो. बायकोनं आत्ता आतून हाक मारली, म्हणजे बोलणं सुरू झालं. सकाळी पाचला उठून उकड मलाच काढायची आहे, शिक्षा म्हणून. लाकडी डाव ओट्यावर काढूनच ठेवलाय तिनं. "पुढच्या वर्षी लवकर या" अशी कॉमेंट कुणी टाकली तर सरळ अनफ्रेंड करीन, मग तो सख्खा मावसभाऊ का असेना.

लेक झोपलीये. स्वेटर काढला नाही, तसाच अंगात आहे. मखराची पट्टी आता मीच चिकटवतो.