'छापलं नाव तोच कर्ता' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस धुळे-जळगावकडच्या साहित्याच्या, कॉलेजांच्या आणि अहिराणी गाण्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: शोधनिबंधात ज्याचं नाव पहिलं तो खरा लेखक, बाकीचे मदतनीस. सिनेमा दिग्दर्शकाचाच. जुन्या कागदावर ज्याचा शिक्का, कागद त्याचा. लोकगीताला कर्ता नसतोच. साठ वर्षं उलटली की कुणाचंही नाव घ्यायची गरज नाही. आणि एवढं सांगूनही जो नावासाठी भांडतो तो अहंकारी. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी. मजकूर कुणी लिहिला ते मात्र कुठंच नाही.

आमच्या ग्रुपवर एका निवृत्त प्राध्यापक आप्पांनी तो टाकला आणि खाली 'अगदी बरोबर'ची रांग लागली. आप्पांचा मान ठेवूनच एकेक मुद्दा घेतो.

पहिलं नाव तोच लेखक

कोणत्या विषयात? गणितात नावं बहुधा आडनावांच्या वर्णक्रमानं लागतात. तिथं पहिला नंबर पटकावायला आईबापांची पुण्याई पुरते. प्रयोगशाळेच्या विज्ञानात पहिलं नाव बहुतेक वेळा राबणाऱ्या पोराचं किंवा पोरीचं असतं आणि शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं. हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावर २०१५ साली निघालेल्या निबंधाला पाच हजारांवर लेखक आहेत. त्यातल्या पहिल्यालाच लेखक म्हणायचं तर बाकीचे काय स्वित्झर्लंडला फिरायला गेले होते?

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं लेखक ठरवायला चार अटी घातल्यात आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात. कामात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा तो कसून तपासण्यात हात हवा. छापायच्या अंतिम रूपाला संमती हवी. आणि उद्या कुणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायची जबाबदारी हवी. नुसता निधी मिळवून दिला किंवा नुसती वरून देखरेख केली, तर जागा आभाराच्या परिच्छेदात. एआयचं नाव लेखक म्हणून चालत नाही तेही या चौथ्या अटीमुळं. यंत्र जबाब द्यायला येत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. समजा रावेर-यावल पट्ट्यात केळीवरच्या सीएमव्हीवर, म्हणजे शेतकरी ज्याला हरण्या म्हणतात त्या रोगावर, निबंध लिहायचाय. एकजण बागांत हिंडून रोगट झाडं मोजतो. दुसरी पानांचे नमुने तपासते. तिसरा आकड्यांची जुळणी करतो. चौथी लिहून काढते. पाचवे साहेब प्रवासभत्त्याच्या बिलावर सही करतात. छापून आल्यावर साहेबांचं नाव कितवं असतं, हे मी सांगायला हवं का? अशा फुकटच्या नावांना आळा बसावा म्हणून बरीच नियतकालिकं आता कुणी काय केलं ते चौदा ठरावीक भूमिकांत वेगळं लिहून मागतात: कल्पना कुणाची, माहिती कुणी गोळा केली, विश्लेषण कुणाचं, पहिला मसुदा कुणाचा. नावाचा क्रम मग दुय्यम ठरतो.

आणि भांडणाचं मूळ बघा. प्राध्यापकांच्या बढतीचे गुण मोजायच्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमावलीत निबंधाचे दोनच लेखक असले तर दोघांना प्रत्येकी ७० टक्के गुण. दोनाहून जास्त असले तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार पाहणाऱ्या लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. म्हणजे तिसरं नाव घुसलं की दुसऱ्याचे ७० चे ३० होतात. आप्पा, ही भांडणं अहंकाराची नाहीत, बढतीची आहेत.

सिनेमा दिग्दर्शकाचाच

दिग्दर्शक म्हणजेच सिनेमाचा लेखक हा विचार १९५०च्या दशकात फ्रेंच समीक्षकांनी मांडला. सिनेमा वाचायची ती एक चांगली रीत आहे. कायदा मात्र तसं म्हणत नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता निर्माता आहे. मुख्य दिग्दर्शकालाही सहकर्ता करावं अशी तरतूद २०१०च्या दुरुस्ती विधेयकात होती, पण २०१२ला कायदा मंजूर होईपर्यंत ती गळाली. ब्रिटनमध्ये निर्माता आणि मुख्य दिग्दर्शक दोघंही कर्ते. सिनेमा तोच, सरहद्द ओलांडली की कर्ता बदलतो. आणि राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ दोघांनाही देतात, निर्मात्याला आणि दिग्दर्शकाला.

शिवाय सिनेमाच्या पोटात वेगळे कर्ते असतात. गीताचा कर्ता कवी, चालीचा कर्ता संगीतकार, आणि २०१२पासून त्यांचा रॉयल्टीतला वाटा करारानं कायमचा लिहून घेता येत नाही. १९६१च्या 'मानिनी'त 'अरे संसार संसार' आलं, वसंत पवारांच्या संगीतात. आज कुणालाही विचारा हे गाणं कुणाचं. 'मानिनी'च्या दिग्दर्शकाचं नाव दहातला एखादा सांगेल. बहिणाबाईंचं सगळे सांगतील. मग फॉरवर्डच्या हिशेबानं ते गाणं दिग्दर्शकाचं धरायचं का?

शिक्का ज्याचा, कागद त्याचा

हे लिहिणाऱ्यानं धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात एक दुपार घालवावी. दप्तरातलं एखादं मोडी पत्र नीट बघावं. अंगचा मजकूर कारकुनाच्या धावत्या हातातला असतो, रेघ सुटलेली नाही, लेखणी उचललेली नाही. काही पत्रांत अखेरचे दोन-चार शब्द वेगळ्या वळणाचे दिसतात, कारण तेवढे धन्यानं स्वतः लिहिलेले असतात. मग शिक्का, आणि मजकूर इथं संपला हे सांगणारं मोर्तब, म्हणजे मागून कुणी ओळ घुसडू नये. कधी पत्रातच लिहिलेलं असतं की बाकीचा तपशील पत्र आणणारा तोंडी सांगेल.

आता लेखक कोण? हुकूम धन्याचा. वाक्यं चिटणिसाची. अक्षर कारकुनाचं. उरलेला मजकूर जासुदाच्या तोंडात, तो तर दप्तरात आलाच नाही. म्हणून अभिलेखागारात नुसतं 'लेखक कोण' विचारून भागत नाही. हा कागद कुणाच्या कारभारातून निपजला, कुणाच्या दप्तरात, कोणत्या कागदांच्या शेजारी सापडला, हे आधी नोंदवतात. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, सोडून कागद विषयवार लावले की हा माग कायमचा पुसला जातो. इनामाच्या एका तुकड्याला सुटं बघितलं तर तो कुणाचाही दावा वाटू शकतो. त्याच रुमालातल्या आधीच्या-नंतरच्या कागदांसोबत बघितला तर तो कशाचं उत्तर होता ते कळतं.

खुद्द इतिहासकार वि. का. राजवाड्यांचं बघा. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८चा, एकूण खंड बावीस. लोक सर्रास म्हणतात 'राजवाड्यांनी लिहिलेली साधनं'. त्यातल्या प्रस्तावना राजवाड्यांच्या आहेत, टिपा आणि निवड त्यांची आहे. पत्रं त्यांची नाहीत. गावोगाव पायपीट करून ती माळ्यांवरून खाली आणणं हे फार मोठं काम, पण ते संपादकाचं काम. त्यांना लेखक म्हणण्यात त्यांचाही गौरव होत नाही.

तीच गत ब्रिटिश काळात ग्रियर्सननं केलेल्या भारतीय भाषिक पाहणीची. खानदेशी बोलीची नोंद असलेला खंड १९०७चा. 'ग्रियर्सननं लिहिलंय' म्हणून आपण मोकळे होतो. ग्रियर्सन स्वतः संकलक आणि संपादक म्हणवतात, आणि मालेतल्या मराठीच्या १९०५च्या खंडाचं काम स्टेन कोनो यांनी केलेलं आहे. जिल्ह्याजिल्ह्यातून बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट बोलीत करून ज्या माणसांनी पाठवली, ती कोण होती? आपल्या बोलीचा इतका जुना छापील नमुना आपण अभिमानानं मिरवतो, आणि तो ज्याच्या तोंडचा आहे त्याचं नाव घ्यायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

लोकगीताला कर्ता नसतो

हा मुद्दा मला सगळ्यात झोंबला, कारण यात थोडं खरं आहे आणि त्या थोड्याच्या आडोशानं बरंच खपवलं जातं. कानबाईची, गौराईची, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरची गाणी एका माणसानं बसून रचलेली नाहीत हे मान्य. दर गावात कडवं बदलतं, सासर-माहेरच्या गावांची नावं बदलतात. पण अमुक आवृत्ती अमुक बाईंनी, अमुक गावात, अमुक साली गायली, याला तर कर्ता आहे ना! २०१२च्या दुरुस्तीनं गाणारीलाही आपलं नाव लावलं जावं असा हक्क दिलाय, मग गाणं कितीही जुनं असो.

आणि ज्याला आपण 'लोकांचं' म्हणतो त्यातलं किती खरंच लोकांचं असतं? आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०, लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर बसून आणि शेतात राबताना त्या रचत आणि म्हणत. त्यांचे चिरंजीव सोपानदेवांनी आणि सोपानदेवांच्या मावसभावानं त्यातलं जमेल तेवढं कागदावर उतरवून घेतलं. १९५१ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी चिठोरे आचार्य अत्र्यांना दाखवले, आणि १९५२ला पुस्तक आलं. या साखळीतली एक कडी निसटू द्या. सोपानदेवांनी टिपलं नसतं, आणि मंडळींनी ती गाणी तशीच तोंडातोंडी चालू ठेवली असती, तर आज यूट्यूबवर त्याखाली 'गीत: पारंपरिक खानदेशी' असं झळकलं असतं. आपण 'वा, काय लोकप्रतिभा' म्हटलं असतं. बाईचं नाव नसतं, जळगावच्या विद्यापीठाला २०१८ला द्यायलाही नसतं.

सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते, हे विसरू नका. टिपणारा हात त्यांचा, पण पुस्तकावर त्यांनी नाव आईचं लावलं. टिपून घेणारा कोण आणि रचणारी कोण, हा फरक त्यांना कळत होता. आज लग्नात डीजेवर वाजणाऱ्या निम्म्या अहिराणी गाण्यांच्या माहितीत तो कळत नाही. चॅनेलचं नाव ठळक, नाचणाऱ्यांची नावं, मिक्सिंग करणाऱ्याचा मोबाईल नंबर, आणि कवीच्या जागी 'पारंपरिक'. त्यातले काही कवी चांगले हयात आहेत, बाजाराच्या दिवशी भेटतात.

कॉलेजही मागं नाही. लोकसाहित्यावरचे प्रबंध उघडा. मागं परिशिष्टात दीडशे गाणी, आणि निवेदक म्हणून 'गावातील वृद्ध स्त्रिया'. मार्गदर्शकांचे आभार दोन पानं, प्राचार्यांचे अर्धं पान, संस्थाचालकांचे वेगळे. ज्या आजीनं दुपारची झोप मोडून चाळीस ओव्या म्हटल्या ती 'वृद्ध स्त्रिया'त जमा. हे दुसऱ्या तऱ्हेनं करता येतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांच्या पुढाकारानं जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, आणि आज त्या ऐकायला मिळतात तेव्हा गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव सोबत असतं. एवढ्या ढिगात नाव सांभाळता येतं, तर दीडशे गाण्यांत का नाही?

एक अडचण मात्र खरी आहे. काही बायका स्वतःच म्हणतात, नाव नको टाकूस बाई, पोरं रागावतील. सतपुड्यात कथा सांगणारे काही जण हे गावाचं आहे, माझं एकट्याचं नाही, असं सांगतात. तर मग तसंच लिहावं: नाव सांगणाऱ्याच्या इच्छेवरून दिलेलं नाही, किंवा कथा अमुक पाड्याची. विचारून न देणं वेगळं आणि न विचारता गाळणं वेगळं.

साठ वर्षांनी नाव घ्यायची गरज नाही

कॉपीराइटची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, हे बरोबर. बहिणाबाईंची मुदत मृत्यूपासून मोजा नाहीतर प्रकाशनापासून, ती कधीच सरली. म्हणजे त्यांची गाणी छापायला, चाल लावायला आता परवानगी लागत नाही. एवढंच. कायद्याच्या ५७व्या कलमात रचना माझी आहे असं म्हणण्याचा हक्क कॉपीराइटपासून वेगळा ठेवलाय, आणि कॉपीराइट विकून टाकला तरी तो लेखकाकडेच राहतो. ज्ञानेश्वरी छापायलाही कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून तिच्यावर स्वतःचं नाव टाकून बघा पंढरपुरात.

नावासाठी भांडणारा अहंकारी

असेलही एखादा. पण नाव लावणं म्हणजे गळ्यात घंटा बांधून घेणंसुद्धा असतं. आकडे खोटे निघाले, उतारे चोरलेले निघाले, तर आधी ज्याचं नाव छापलंय त्यालाच बोलावतात, आणि प्रबंधाचं दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य साठ टक्क्यांच्या वर गेलं तर यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. त्या वेळी मात्र 'मी नुसता पाचवा होतो' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

आप्पा, तुमच्या नातवाचं गाण्याचं चॅनेल आहे असं ऐकतो. पुढच्या आखाजीला तो रेकॉर्डिंग करेल तेव्हा त्याला म्हणावं, माहितीच्या चौकटीत गाणारीचं नाव, गाव, कडवं कुणाकडून शिकली, चाल कुणी बसवली आणि तारीख एवढं टाक. शब्द खरंच कुणाचे ते चौकशी करूनही सापडलं नाही, तरच 'पारंपरिक' लिही.