‘वाळूच्या बॅटरी’विषयी खुलासा
फिनलंडमधील ‘वाळूची बॅटरी’ उन्हाळ्यातली वीज साठवून हिवाळाभर घरांना पुरवते, हा समाजमाध्यमांवर फिरणारा दावा चुकीचा आहे. कांकानपा येथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या या टाकीत विजेवर तापवलेली हवा नळ्यांतून फिरवून सुमारे १०० टन वाळू ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली जाते आणि तीत साठलेली उष्णता, वीज नव्हे, घरे उबदार ठेवणाऱ्या गावाच्या सामायिक गरम पाण्याच्या जाळ्याला दिली जाते. टाकीची क्षमता ८,००० युनिट आणि उष्णता देण्याचा दर १०० किलोवॉट असल्याने पूर्ण भारावर ती सुमारे ८० तासांत रिती होते. हिवाळाभर, तोही फिनलंडचा, ती पुरणे शक्यच नाही. तापलेली वाळू महिनोन्महिने उष्णता धरून ठेवू शकते, एवढे मात्र खरे.