‘अगदी अस्साच हवा’ म्हणणाऱ्यांनो, तो फोटो केकचा नाहीच

तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. तीन मजली केक. वरचा मजला हवेत, खाली कशाचाच आधार नाही. त्यावर ड्रॅगन, पंख काचेसारखे, आरपार दिसणारे. त्याच्या एका पंजाला सहा बोटं आहेत आणि मेणबत्तीची ज्योत खालच्या बाजूला वळलीये. खाली मेसेज: ‘ताई, अगदी अस्साच हवा. शनिवारी. जमेल ना?’

नाही जमणार. मलाच काय, जगात कुणालाच जमणार नाही, कारण हा केक कुणी कधी केलेलाच नाही. ते एआयनं काढलेलं चित्र आहे. त्या चित्राला ना स्पंज माहीत, ना क्रीम, ना वजन. चित्रातला केक कुणी गाडीतून नेत नाही, कापत नाही, खात नाही. मला मात्र तो खराखुरा करून, उभा ठेवून, तुमच्या पार्टीपर्यंत पोचवायचा असतो. आणि हे समजावून सांगितलं की उत्तर काय? ‘अहो पण फोटोत दिसतंय ना!’

या एका वाक्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पूर्वी निदान फोटो खऱ्या वस्तूचे तरी असायचे. आता मला कळतंय की तेव्हाही बऱ्याच फोटोंत फॉन्डंटच्या, म्हणजे साखरेच्या लाटलेल्या गुळगुळीत आवरणाच्या, आत केक नव्हताच, थर्मोकोल होतं. स्पर्धेतले, प्रदर्शनातले, दुकानाच्या काचेमागचे केक बहुतेक तसलेच. थर्मोकोल खचत नाही, पाझरत नाही, शिळं होत नाही. त्याच्यावर आठवडाभर निवांत बसून पाकळ्या चिकटवा. खरा केक इतका थांबत नाही हो. तो भाजला की घड्याळ सुरू होतं: थर लावा, पातळ क्रीमचा पहिला हात देऊन चुरा दाबून टाका, गार करा, मग दुसरा हात, मग सजावट. मजले चढवायचे तर खालच्या केकमध्ये दांड्या रोवायच्या आणि वरच्या प्रत्येक मजल्याखाली स्वतंत्र पुठ्ठा द्यायचा, नाहीतर वरचा मजला खालच्यात बसतो. तरंगल्यासारखे दिसणारे केक खरंच बनतात, नाही असं नाही. पण त्यांच्या पोटात लाकडी बैठक, रॉड आणि नट-बोल्ट असतात. ती सुतारकी आहे. तिचा वेळ आणि तिचे पैसे वेगळे. ते सांगितलं की ‘बघते आणि कळवते’ असा मेसेज येतो आणि नंतर तीच बाई तेच चित्र दुसऱ्या कुणाला पाठवते. पाठवू दे. त्या दुसरीची मला मनापासून दया येते.

केकचं तरी एक वेळ परवडलं. कुकीजचं तर विचारूच नका.

‘एवढीशी तर कुकी असते, तिला काय वेळ लागतो?’ हे कोण म्हणतं माहितीये? व्हिडिओ बघणारे. मिनिटभराच्या व्हिडिओत बाई हसतहसत कुकीवर आयसिंग ओतते, सुईनं फिरवते, की झाला डायनासोर! मधला जो काळ कापून टाकलाय, तोच खरा कामाचा असतो. पीठ मळून थंड करायचं, लाटायचं, कापायचं, पुन्हा थंड करायचं. नाहीतर ओव्हनमध्ये कुकी पसरते आणि डायनासोरचा पाणघोडा होतो. मग रॉयल आयसिंग. मेरिंग पावडर (म्हणजे अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्याची पूड) किंवा अंड्याचा पांढरा बलक, आयसिंग शुगर आणि पाणी. तीनच तर जिनसा, पण पाण्याच्या चार थेंबांवर सगळा खेळ. कडेची रेघ ओढायला घट्ट हवं. आत भरायला सैल हवं, इतकं की सुरीनं रेघ मारली तर ती दहा-पंधरा सेकंदांत स्वतःहून मिटली पाहिजे. लवकर मिटली तर कडेवरून वाहून जातं, उशिरा मिटली तर वर सुरकुत्या. आणि हे प्रत्येक रंगाचं वेगळं. एका थीममध्ये सहा रंग असतील तर घट्ट-सैल मिळून डझनभर पिशव्या टेबलावर, आणि प्रत्येकीचं तोंड ओल्या फडक्यानं झाकलेलं, कारण उघडं राहिलं की टोकाशी खडा धरतो.

आणि मग वाळणं. इथं सगळ्यांचं घोडं पेंड खातं. डायनासोरचं अंग भरलं की लगेच शेजारचा पाय भरता येत नाही, दोन्ही एकमेकांत मिसळून सपाट लगदा होतो. आधी एकाच्या वर साय धरू द्यायची, मग दुसरं. डोळ्यासारख्या इवल्याशा जागेत भरलेलं आयसिंग वाळताना मधोमध खड्डा पाडतं, म्हणून त्याला पंख्याच्या वाऱ्याखाली पटकन साय धरवावी लागते. पांढऱ्यावर काळी रेघ ओढायची तर खालचं पांढरं पूर्ण वाळलेलं हवं, म्हणजे आठ ते बारा तास, आणि दमट हवेत त्याहूनही जास्त. घाई केली की काळा रंग पांढऱ्यात झिरपतो आणि अंतराळवीराच्या चेहऱ्याला दाढी उगवते. फ्रिजमध्ये ठेवून हे लवकर होत नाही. ओव्हन लावून होत नाही. तुम्ही चारदा फोन करून ‘झालं का?’ विचारल्यानं तर मुळीच होत नाही.

साखर वाळायला वेळ लागतो. ही माझी कामचुकारी नाही, साखरेचा आणि पाण्याचा स्वभाव आहे. त्यांच्याशी घासाघीस करून बघा, जमलं तर मलाही शिकवा.

तरी लोक आदल्या दिवशी विचारतात. ‘पन्नास कुकीज, प्रत्येकीवर मुलांची नावं, आणि प्रत्येकीचं डिझाइन वेगळं असलं तर मज्जा येईल ना!’ कुणाला येईल मज्जा? आणि नावांची यादी येते ती वेगळ्या मेसेजात, मग एक नाव राहिलेलं, मग एकाचं स्पेलिंग चुकलेलं, मग ‘ते दोघं येत नाहीयेत, त्यांच्याऐवजी या तिघी’. रात्री अकराला! वाळलेलं नाव कसं पुसायचं असतं, सांगाल का?

आता रंग. मला फुग्याचा तुकडा आणून देतात, फ्रॉकचा फोटो पाठवतात, म्हणतात नेमकी हीच छटा. अहो, तो फ्रॉक तुमच्या फोनवर गुलाबी दिसतो आणि माझ्या फोनवर विटकरी. शिवाय आयसिंगचा रंग ठेवल्यावर गडद होतो. लाल आणि काळा तर रात्रभरात दोन पायऱ्या चढतात, म्हणून ते आदल्या दिवशीच कालवून ठेवायचे असतात. जांभळा उजेडात राहिला की त्यातला गुलाबी आधी उडतो आणि निळा उरतो. ‘जलपरी जांभळी सांगितली होती, निळी आली!’ खिडकीत कुणी ठेवली होती ती? मी?

काळ्या थीमवाल्यांसाठी एक परिच्छेद खर्च करतेच. पांढऱ्या क्रीममध्ये रंग ओतून काळा करायला गेलं तर आधी राखाडी, मग हिरवट राखाडी, आणि काळा होईतो कडू. खाणाऱ्याचे दात, ओठ, जीभ सगळं काळं. शहाणपणाची रीत म्हणजे आधीच कोको किंवा गडद चॉकलेटवर जायचं आणि मग थोडाच काळा घालायचा. पण हे सांगावं तर ‘चॉकलेट नको, त्याला व्हॅनिलाच आवडतो’. बरं. मग पाहुण्यांच्या काळ्या जिभांचे फोटो मला पाठवून ‘हे काय हो ताई?’ विचारू नका. पांढऱ्याचंही तेच. लोण्याचा रंग पिवळसर असतो, भरपूर फेटलं की तो फिकटतो, जांभळ्याचा अगदी टिंबभर कण घातला की पिवळेपणा आणखी मरतो. त्याच्यापुढे कागदासारखा पांढरा हवा तर पांढरा रंग घालावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइड असतो. युरोपीय संघानं खाण्याच्या पदार्थांत त्याला २०२२ साली बंदी घातली. मी तो वापरत नाही. म्हणून माझा पांढरा तुमच्या फोटोतल्या पांढऱ्यापेक्षा किंचित दुधाळ असतो. ‘जरा पिवळट आलाय का?’ हो, आलाय. लोणी आहे त्यात.

आणि ते सोनेरी! सोनेरी मुकुट, सोनेरी आकडे, सोनेरी थेंब ओघळणारा केक. ‘बाजारात इतकी चमकदार पावडर मिळते, तुमची का मिणमिणती?’ कारण बाजारातली प्रत्येक चमकी खायची नसते. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ (विषारी नाही) लिहिलंय म्हणजे खाण्यायोग्य असं नाही. खाण्यायोग्य असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि सोबत घटकांची यादी असते. २०१८ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलं आजारी पडली, उलट्या आणि जुलाब. केकवरची रोझ गोल्ड चमकी तपासली तर ती जवळजवळ निव्वळ तांब्याची पूड निघाली. तिथल्या सीडीसीनं, म्हणजे रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेनं, २०२१ मध्ये हे छापलंय. फोटोत काय झगझगत असेल तो केक! तर माझी चमक मिणमिणतीच राहील. दुसरीकडून झगझगीत मिळत असेल तर खुशाल घ्या, फक्त डबीवरचं वाचायला विसरू नका.

मग येतात दोन दगडांवर पाय ठेवणारे. ‘फॉन्डंट नको हं, कुणी खात नाही. पण फिनिश फोटोसारखंच गुळगुळीत हवं.’ फोटोत फॉन्डंटच आहे! ‘व्हिप्ड क्रीमचा हलका केक करा आणि वर फॉन्डंटचं युनिकॉर्न बसवा.’ क्रीममधलं पाणी पिऊन युनिकॉर्नचे पाय विरघळतात, तासाभरात ते बसकण मारतं. फॉन्डंटखाली गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण) किंवा बटरक्रीम, म्हणजे लोणी-साखरेचं क्रीमच लागतं आणि बाहुल्या उभ्या राहायला दोन-तीन दिवस आधी करून वाळवाव्या लागतात. त्यात सीएमसी नावाची घट्ट करणारी पावडर घालून त्या कडक केलेल्या असतात, दाताला लागल्या तर लागल्या. सगळ्यांत वरचा मान ‘साखर अगदी कमी’वाल्यांचा. रॉयल आयसिंग कमी साखरेचं! त्यात साखरेशिवाय दुसरं आहे काय? साखर काढली तर हातात ओलं चमचाभर मेरिंग उरतं, त्याचा काढा डायनासोर.

थीम बदलणाऱ्यांवर मी बोलणारच नव्हते, पण आता निघालंच आहे. सोमवारी अंतराळ, बुधवारी जंगल, गुरुवारी ‘दोन्ही मिक्स करता येईल का, सिंह रॉकेटमध्ये?’ तोवर माझे ग्रह वाळून टणक झालेले. आणि हे म्हणे मुलाचं मत बदललं. मुलाचं काही बदललेलं नसतं. चार वर्षांच्या मुलाला वर प्राणी आणि आत गोड एवढंच हवं असतं. तो केकपाशी येतो, डायनासोरचा डोळा उपटतो, तोंडात टाकतो आणि पळतो. याच्याइतकं सरळ गिऱ्हाईक मला अजून दुसरं मिळालेलं नाही. मत बदलतं ते मोठ्यांचं, कारण त्यांच्या ओळखीतल्या कुणीतरी गेल्या आठवड्यात अंतराळ केलं आणि त्याचे फोटो आधी पडले. आम्ही केक करत नाही, फोटोची पार्श्वभूमी करतो. सगळं फोटोसाठी, फोटो बघून, फोटोशी ताडून. कापल्यावर केक कसा लागला हे सांगायला फोन फार कमी जणांचा येतो. फोटोत मुकुट डावीकडे कललाय हे सांगायला मात्र हमखास.

आणि तो कलतो कसा, तेही ऐका. मी केक देताना बजावून सांगते: गाडीत सपाट जागेवर ठेवा, डिकीत किंवा पायांपाशी. सीटवर नको, सीट उतरती असते. मांडीवर नको, मांडी गरम असते आणि ब्रेक लागला की तुम्ही पुढे जाता. एसी लावा. थेट उन्हात ठेवू नका, लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. फॉन्डंटचा केक फ्रिजमधून काढून दमट हवेत ठेवला की त्यावर दव धरतं आणि तो चिकट होतो, तेव्हा बोट लावू नका, पुसू तर नकाच, आपोआप सुकतो. हे सगळं मी तोंडानं सांगते, मेसेजवर पाठवते, खोक्यावर चिकटवते. लोक मान डोलावतात, केक उचलतात आणि मांडीवर घेऊन बसतात.

मग बागेत, भर उन्हात, फुग्यांच्या कमानीखाली तीन तास मांडून ठेवतात, कारण पाहुणे यायचेत आणि ‘डेकोरेशन पूर्ण दिसलं पाहिजे’. संध्याकाळी मला फोटो येतो. क्रीम पायथ्याशी जमा झालेलं, जिराफानं मान टाकलेली, कुणीतरी टिश्यूनं पुसून त्याचे ठिपकेही पसरवलेले. खाली मेसेज: ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. अर्धे पैसे परत मिळतील का?’

नाही मिळणार.