कुमुदिनी डेव्हलपर्स

हेरिटेज वॉकची नोंदणी बायकोने केली आणि आदल्या रात्री तिचा गुडघा धरला. पैसे परत मिळत नव्हते. म्हणून रविवारी सकाळी सात वाजता चर्नी रोड स्टेशनबाहेर छातीवर ‘कुमुदिनी’ असा स्टिकर लावून मी उभा होतो. ‘लिस्टमध्ये हेच नाव आहे अंकल,’ असं गाईड मुलगी म्हणाली. फी 850 रुपये. ज्या गिरगावात चोवीस वर्षं वाढलो, ते बघायला पहाटेची डोंबिवली लोकल पकडून!

मुलगी गोड होती, माहितीही पक्की. 1838 मध्ये इंग्रजांनी चराईवर कर लावला, गुरांचे हाल होऊ लागले, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पदरचे 20,000 रुपये घालून ठाकुरद्वारजवळ कुरण घेतलं आणि गुरं फुकट चरू लागली. म्हणून चर्नी रोड, असं सांगतात. म्हणजे तेव्हा इथे गाईम्हशींना जी सवलत होती, ती मला नाही.

खोताची वाडी बाहेरूनच पाहिली. केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 च्या गणेशोत्सवाबद्दल ऐकलं. मग एका गल्लीत, नाव कशाला सांगू, एका टेकू लावलेल्या चाळीसमोर सगळे थांबले. गाईड इंग्रजीत सांगू लागली, ‘शेअर्ड स्पेसेस’, ‘कम्युनिटी लिव्हिंग’. ते कम्युनिटी लिव्हिंग मी केलंय. सकाळी साडेसहाला, हातात टमरेल घेऊन, तिसऱ्या नंबरवर, आणि आत बसलेले काका पेपर घेऊन गेलेले. त्याचा फोटो कोणी काढत नव्हतं तेव्हा.

तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून एक आजोबा ओरडले, ‘आले का? वर या!’

गाईडला वाटलं, केवढं हे आदरातिथ्य. आजोबा मात्र बनियनवर शर्ट चढवत स्वतःच खाली आले. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि माझी छाती वाचली.

‘कुमुदिनी... डेव्हलपर्स का?’

‘नाही हो, ते बायकोचं नाव आहे.’

‘सगळे बायकोच्याच नावावर करतात. कार्पेट एरिया किती?’

‘आजोबा, आम्ही नुसते चालायला आलोय.’

‘आधीचाही तेच म्हणाला होता, नुसता बघायला आलोय. चारशे पाच स्क्वेअर फूट देतो म्हणाला, सह्या नेल्या आणि गेला. मी पाचशेच्या खाली सही करणार नाही. भाडं किती देणार? अकरा महिन्यांचं आगाऊ पाहिजे. आणि गॅलरी कार्पेटमध्ये धरायची नाही!’

‘हे लोक 850 रुपये देऊन चालायला आलेत.’

‘चालायला? पैसे देऊन?’ त्यांनी सगळ्यांकडे नीट पाहून घेतलं. ‘मला डॉक्टरने फुकट सांगितलंय.’

‘अंकल, व्हॉट इज ही सेइंग?’ गाईडने कौतुकाने विचारलं.

‘कठडा सागवानी आहे म्हणतायत,’ मी म्हणालो. सगळ्यांनी कठड्याचे फोटो काढले. आजोबांची खात्रीच पटली, मोजणी सुरू झाली.

खरं तर तिथेच निघायला हवं होतं. पण मला आमची खोली आठवली, दहा बाय बाराची. बाबांनी ती विकली तेव्हा चाळमालकाने पागडीतला, म्हणजे भाडेकरूचा हक्क सोडताना मिळालेल्या रकमेतला, तिसरा हिस्सा कापून घेतला, आणि उरल्यात डोंबिवलीला वन रूम किचन आलं. थांबला असतात तर आज करोडपती, असं नातेवाईक अजून ऐकवतात. थांबलेले हे समोर उभे होते. टेकूखाली.

‘पावसाळ्याआधी होईल ना?’ त्यांनी हळूच विचारलं. ‘हिला जिना चढवत नाही आता.’

त्यांनी नंबर मागितला आणि मी दिला. का दिला, ते कुमुदिनीलाही सांगता आलेलं नाही. पुढचा अर्धा तास गाईड काय बोलली मला आठवत नाही. शेवटी मिळालेली कैरीची डाळ आंबलेली होती, एवढं लक्षात आहे.

काल रात्री साडेदहाला फोन वाजला.

‘कुमुदिनीवाले ना? पाचशेचं काय झालं?’

‘फाइल पुढे गेलीय आजोबा,’ मी म्हणालो.